आमची वाटचाल : पट्टीखालचा गंज

जुन्या शिकारी बंदुका विकत घेऊन, तपासून, नीट करून संग्राहकांना विकण्याचा आमचा व्यवसाय आम्ही दोघांनी सुरू केला, तेव्हा परवाना, भाड्याची एक खोली आणि माझ्या भागीदारांनी आयुष्यभर जमवलेली अवजारे एवढेच आमचे भांडवल होते. भागीदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बंदूकदुरुस्तीत हात मुरलेले. खरेदी, हिशेब आणि कागदपत्रे माझ्याकडे. माल मिळे तो बहुतेक मोठ्या किरकोळ दुकानांतल्या वापरलेल्या बंदुकांच्या रॅकवर. तेथील विक्रेत्यांना नव्या मालाची माहिती असते, पण अदलाबदलीत आलेल्या जुन्या बंदुकीला चिठ्ठी लावताना ते पुष्कळदा अंदाजानेच लिहितात. पहिल्याच वर्षी केवळ ‘वापरलेली रायफल’ अशी चिठ्ठी असलेली एक विंचेस्टर मॉडेल ७० आम्हाला मिळाली. तिचा क्रमांक ७,००,००० च्या आतला होता, म्हणजे ती १९६४ साली रचना बदलण्यापूर्वीची, संग्राहक शोधत असतात तशी होती. त्या आनंदात मी हे विसरलो की चिठ्ठी जशी आपल्या बाजूने चुकते, तशी ती आपल्या विरुद्धही चुकते.

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या दुकानात एकाच संग्रहातल्या सात दुनळी बंदुका विक्रीला आल्या. प्रत्येकीवर ‘मूळ जिलई’, म्हणजे पोलादावरचा रंग कारखान्यातलाच, असे लिहिले होते. भागीदार आजारी असल्यामुळे मी एकटाच गेलो. नळ्यांवरचा तो गडद, काळपट निळा चकाकता रंग पाहून मी भारावलो. काउंटरवर फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा लाकडी भाग, काढून पाहण्याची परवानगी नाही, असे विक्रेत्याने सांगितले आणि मी ते मान्य केले. माझ्या व्यावसायिक आयुष्यातली सर्वांत मोठी चूक हीच. कर्ज काढून मी साती बंदुका घेतल्या आणि दोन महिन्यांत चार विकल्याही.

पाचव्या महिन्यात पहिली बंदूक परत आली. दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेने तपकिरी रेघ उमटली होती आणि मधूनमधून पांढरी भुकटी बाहेर येत होती. भागीदारांनी नळ्या सोडवल्या, खालच्या हुकाला दोरी बांधून त्या टांगल्या आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवल्या. चांगल्या नळ्या घंटेसारख्या घुमतात. या नळ्यांतून फुटक्या भांड्यासारखा आवाज आला. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “या नळ्या कोणीतरी गरम क्षारात बुडवल्या आहेत.”

जाणकारांना पुढचे सांगायला नको, तरी लिहितो, कारण याच एका गोष्टीने आम्ही बुडत होतो. दुनळीच्या पट्ट्या कथिल-शिशाच्या डाखाने बसवलेल्या असतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, सुमारे १४० अंश सेल्सिअसला, पोलाद पटकन काळेनिळे होते; पण तोच सोडा डाख खातो. त्या उष्णतेला डाख वितळत नाही, म्हणून काम करणाऱ्याला त्या दिवशी काहीच दिसत नाही. क्षार मात्र पट्टीखाली शिरून बसतात आणि हळूहळू आतून गंज चढवतात. अशा नळ्यांना जुनी, संथ गंज-पद्धतच वापरावी लागते: औषध लावून दमट पेटीत गंज चढू द्यायचा, नळ्या साध्या पाण्यात उकळून तो तांबडा गंज काळा करायचा, बारीक तारेने घासायचा, आणि मनाजोगा रंग येईपर्यंत पुन्हा पुन्हा हेच करायचे. त्यातून येणारी जिलई मंद, मऊ असते. चकाकणारी जुनी दुनळी हीच पहिली शंका घेण्याची जागा होती आणि मी तिलाच भुललो.

सातपैकी पाच बंदुका तशाच निघाल्या. दुकानाने परतीची मुदत संपल्याचे सांगितले. ‘मूळ जिलई’ हे शब्द चिठ्ठीवर होते, पावतीवर नव्हते. पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे छापलेले होते. चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या नव्हत्या.

हे आम्ही सोसले असते. पण आमच्याच व्यवसायातल्या एका प्रतिस्पर्ध्याने एका प्रदर्शनात, आमच्या टेबलापासून दहा पावलांवर उभे राहून, या नळ्या आम्हीच क्षारात बुडवल्या असे ग्राहकांना सांगितले. त्यानंतरचे आठ महिने आमच्याकडे जवळजवळ कोणीच फिरकले नाही. पुढे त्या दुकानातून नोकरी सोडून गेलेल्या एका विक्रेत्याकडून कळले की, त्याच सात बंदुका आमच्या आधी त्या गृहस्थांनी पाहिल्या होत्या, दोष ओळखला होता आणि घ्यायचे नाकारले होते. म्हणजे खरे काय ते त्यांना पूर्ण ठाऊक होते. ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही.

त्या काळात आमच्या पाठीशी उभे राहिले ते आमचे सर्वांत जुने ग्राहक, घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ. परत आलेली पहिली बंदूक त्यांचीच होती. मी पैसे पुढे केले तेव्हा ते म्हणाले, “पैसे असू द्या. मला हीच बंदूक नीट करून द्या, आणि ती उघडाल तेव्हा मला बोलवा.” भागीदारांनी पट्ट्या उतरवल्या, क्षार धुऊन काढले, नवा डाख दिला, आणि हे घड्याळवाले काका रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसत. स्क्रू पाहायला आम्ही शिकलो ते त्यांच्याकडून. उत्तम ब्रिटिश बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत बसवलेल्या असतात. खाच तिरकी किंवा चेपलेली दिसली, तर आत कोणाचा तरी अडाणी हात गेला आहे, असे ते सांगत.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

दुकानात जाणाऱ्या नव्या संग्राहकांना मात्र काही सांगावेसे वाटते. बंदूक हाती आली की ती रिकामी असल्याची खात्री स्वतः करा. मग फोरएंड काढण्याची परवानगी मागा आणि ती मिळाली नाही तर बंदूक रॅकवर परत ठेवा. फोरएंडचा स्प्रिंग बिजागरीचा ढिलेपणा झाकतो. तो काढून बंदूक हलवली की झीज हाताला कळते. बंदूक उघडण्याची वरची कळ (टॉप लिव्हर) मध्यरेषेच्या उजवीकडे थांबत असेल तर नळ्या बंद धरणाऱ्या कुलपात अजून जीव आहे. कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोल झाल्या असतील, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखी खळगी दिसत असेल, तर पॉलिशचे चाक फिरले आहे. दस्त्याची चीर लॉकच्या (चाप-घोड्याच्या यंत्रणेच्या) मागे, लाकूड सर्वांत पातळ असते तेथे शोधा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ब्राउनिंग कंपनीची बंदूक असेल तर लाकूड उतरवून पाहाच, कारण तेव्हा मीठ लावून सुकवलेले अक्रोड वापरले गेले आणि त्याखालचे पोलाद गंजले. जुन्या इंग्रजी बाराबोअरचे चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, पुष्कळदा अडीच इंचांचे असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात शिरते, पण तेथे ते उडवणे धोक्याचे. आणि नळीच्या भिंतीची जाडी गेजने मोजल्याशिवाय तिच्या सुरक्षिततेबद्दल कोणाचाही शब्द मानू नका, आमचाही नाही.

भागीदार आता नाहीत. त्यांचे नळीचा आतला व्यास मोजायचे बोअर मायक्रोमीटर आणि जाडी मोजायचे गेज मी रोज वापरतो. गेजच्या दांड्यावर त्यांच्या अंगठ्याने पडलेली गुळगुळीत जागा तशीच आहे.

मागच्या वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातून एक दुनळी आमच्याकडे तपासणीसाठी आली. तिच्या खरेदीदाराने अट घातली होती की, आमचा लेखी अहवाल असेल तरच तो ती घेईल. मी नळ्या टांगल्या, वाजवल्या, आठ ठिकाणी जाडी मोजली. बंदूक निर्दोष होती आणि अहवालात मी तसेच लिहिले. तपासणीचे पूर्ण शुल्क त्यांनी माणसाकरवी पाठवले. स्वतः ते आले नाहीत.