डबल रोल, शॉट ७: मान अखेर धडावर बसली

एकाच नटाला दोन भाऊ साकारायचे आहेत, त्यातला शॉट ७ अखेर जमला. मागच्या नोंदीत थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला, तेव्हा तळहात शर्टावर तरंगताना दिसत होता. तो सगळा कॉम्प (वेगवेगळी चित्रं एकत्र जोडून केलेला शॉट) बाद केलाय. आता हात खरा, खांदा खरा, शर्टाची चुणी खरी. बदललंय ते फक्त डोकं. १५० फ्रेम, २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम). सहा सेकंदांत दोन भाऊ, दोन्ही एकाच नटाचे, एकमेकांना खरोखर स्पर्श करतात आणि डोळा कुठे अडत नाही.

हात वेगळा चिकटवण्याची पद्धत का फसते, हे आधी सांगतो, कारण बहुतेक जण पहिल्यांदा तेच करतात. हाताची प्लेट (कॉम्पसाठी वेगळं केलेलं चित्रण) स्टँडवर हात टेकवून घेतली जाते. स्टँड दबत नाही. माणसाचा खांदा हाताच्या वजनाने खाली जातो, बाहीची शिवण बोटांकडे ओढली जाते, कॉलर एका बाजूने किंचित उघडते आणि मान त्या बाजूला झुकते. यातलं काहीच दुसऱ्या प्लेटमध्ये घडलेलं नसतं. एका फ्रेमवर ग्रिड वॉर्प मारून (जाळीने चित्र ओढूनताणून) आणि बोटांखाली सावली रंगवून सुंदर चित्र मिळतं, पण १५० फ्रेम चालवल्या की ती सावली उकळल्यासारखी थरथरायला लागते. टूल कितीही महाग घ्या, कापड दबलंच नाही तर ते दबलेलं दिसणार नाही.

म्हणून उलटं केलं. प्लेट क: नट थोरल्याच्या वेषात, समोर साधारण त्याच अंगलटीचा डबल (नटाच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस) धाकट्याच्या शर्टात, हात खरोखर खांद्यावर. प्लेट ख: नट धाकट्याच्या वेषात, त्याच खुणेवर, आणि आता डबल थोरल्याचा शर्ट घालून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. हा हात फायनलमध्ये दिसत नाही, तरी तो हवाच. हात पडल्यावर मानेचा स्नायू जसा हलतो तसा तो नुसत्या कल्पनेने हलत नाही, आणि नटालाही स्पर्शाची प्रतिक्रिया उगाच शोधावी लागत नाही. प्लेट ग: रिकामी फ्रेम, पाच सेकंद, डबलचं डोकं पुसायला. धाकट्याचा शर्ट एकच पुरतो, कारण दोघांना तो एकाच वेळी लागत नाही. मात्र अदलाबदल करताना वरचं बटण लावलेलं की उघडं, याचा फोटो काढून ठेवा.

स्लायडर (कॅमेरा रुळावर सरकवणारं साधन) या शॉटमधून काढून टाकला. हाताने ढकललेला स्लायडर दोनदा सारखा चालत नाही आणि पॅरॅलॅक्सचा (कॅमेऱ्याची जागा बदलली की जवळचं-दूरचं वेगवेगळं सरकण्याचा) फरक मानेवरच उघडा पडतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, शूट यूएचडी (३८४० बाय २१६०), डिलिव्हरी एचडी (१९२० बाय १०८०), आणि ८ टक्क्यांचा पुश-इन (हळूहळू जवळ जाणं) पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतर. यूएचडीतून एचडी करताना दुप्पट जागा हाताशी असते, त्यामुळे ८ टक्क्यांत शार्पनेस कुठे जात नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद (ट्रायपॉडवरही ते सेन्सर हलवत राहतं आणि दोन प्लेट जुळत नाहीत), फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ५६००वर लॉक, आयएसओ तोच, शटर १/५०. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि १/५० त्यात नेमकं बसतं. २४ एफपीएसवर शूट करणाऱ्यांनी शटरच्या कोनाचे १८० अंशांऐवजी १७२.८ अंश ठेवायचे, तेही १/५०च होतात. खिडक्या काळ्या कापडाने बंद. वेष आणि केस बदलायला जो वेळ जातो तेवढ्यात ऊन सरकतं, आणि सरकलेलं ऊन सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याच नोडने (प्रक्रियेच्या टप्प्याने) परत जागेवर येत नाही.

आता ज्याने सगळा वेळ खाल्ला ते. डोकं डुगडुगत होतं.

नेहमीची रीत अशी: प्लेट ख कॉलरच्या दोन टोकांवर ट्रॅक करून (दर फ्रेमला त्यांची जागा नोंदवून) स्थिर करायची, मग प्लेट क मधल्या डबलच्या कॉलरचा ट्रॅक तिला लावायचा. पोझिशन, रोटेशन, स्केल, तिन्ही. कागदावर बिनचूक. चालवून पाहिलं तर डोकं स्प्रिंगवर बसवल्यासारखं. ट्रॅक झूम करून पाहिले तर दोन्ही चांगले, चूक जेमतेम एका पिक्सेलची. गोम त्या एका पिक्सेलमध्येच होती. यूएचडी फ्रेममध्ये कॉलरच्या दोन टोकांत साधारण ३०० पिक्सेलचं अंतर आहे. एका टोकाची चूक १ पिक्सेल, म्हणजे रोटेशनची चूक १/३०० रेडियन. कॉलरपासून टाळू ६०० पिक्सेल वर, म्हणजे तिथे ती चूक दुप्पट, २ पिक्सेल. वर ट्रॅक दोन आहेत आणि दोघांचा नॉइज एकमेकांत मिसळतो. कॉलर जागच्या जागी, टाळू मात्र दर फ्रेमला वेगळ्या ठिकाणी. ट्रॅकर कितीही सुधारला तरी बेसलाइन (दोन ट्रॅक केलेल्या बिंदूंमधलं अंतर) तोकडी असेल तर हे होणारच.

यावर पहिला उपाय बेसलाइन वाढवणं. दोन्ही खांद्यांच्या शिवणींत साधारण ९०० पिक्सेल आहेत, तिथून रोटेशन घेतलं तर चूक तिपटीने कमी. पण एका शिवणीवर हात! मग ट्रॅक केलेलं रोटेशन सरळ काढून टाकलं. पोझिशन कॉलरवरून, स्केल १वर गोठवलेलं (कॅमेरा स्थिर आहे, माणूस पुढे-मागे फारसा होत नाही), आणि रोटेशनच्या की (कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमला ठरवून दिलेली किंमत) दर १२ फ्रेमला हाताने, मध्ये स्मूथ स्प्लाइन (गुळगुळीत वक्र). डुगडुग थांबली. ट्रॅक एचडीत न करता यूएचडीतच, आणि आधी डीनॉइज करून (चित्रातले दाणे काढून). फक्त कॉम्पमध्ये डीनॉइज न केलेली प्लेट वापरायची, नाहीतर चेहरा मेणाचा दिसतो.

इथे थांबता आलं असतं. पण आवाज लावून पाहिलं तर धाकटा मेलेला. प्लेट ख मध्ये उत्तर देण्याआधी तो अर्धा इंच पुढे झुकतो, आणि त्या झुकण्यानेच पुढचं वाक्य लागतं. झुकणं येतं धडातून. कॉलर स्थिर केली की धडाची हालचाल पुसली जाते, आणि तिच्याबरोबर झुकणंही. वरून डबलचा श्वास त्या डोक्याला लागतो. म्हणजे नटाची वेळ काढून त्या जागी डबलची वेळ बसवली जात होती. असा कॉम्प तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर असूनही फेकून द्यायच्या लायकीचा. अभिनय आणि व्हीएफएक्स (संगणकावरचे दृश्य परिणाम) एकाच माणसाच्या गळ्यात असतात तेव्हा हा सगळ्यात मोठा धोका: टेकमध्ये जे कमावलं ते नोडमध्ये गुपचूप गळून जातं, आणि आपण तेव्हा कडा बघण्यात गर्क असतो.

सोडवणूक फरकात सापडली. प्लेट ख स्थिर करायचीच नाही. दोन कॉलर ट्रॅकची वजाबाकी करायची, क वजा ख, फक्त पोझिशन. या वक्राचे दोन भाग पाडायचे. संथ भाग म्हणजे २५ फ्रेमच्या सरासरीने गुळगुळीत केलेला. तो पूर्ण डोक्याला लागतो, म्हणून डोकं डबलच्या खांद्यांवर मध्यभागी राहतं. उरलेला जलद भाग फक्त मानेला: कॉलरजवळ १०० टक्के, कंठमण्याजवळ साधारण ५०, जबड्याच्या रेषेवर शून्य. त्यासाठी डिस्प्लेस नोडला (पिक्सेल सरकवणाऱ्या) उभा ग्रेडियंट (वरून खाली बदलत जाणारं प्रमाण) दिला. चेहरा, झुकणं, पापणी, सगळं नटाचंच राहतं. मान तेवढी रबरासारखी दोघांना जोडते. सरासरीने झुकणंही थोडं बोथट होतं, म्हणून त्या १०-१२ फ्रेमच्या पट्ट्यात संथ वक्राची की हाताने मागे ओढली. रोटेशनच्या की या मांडणीत लागल्याच नाहीत.

मर्यादाही सांगून ठेवतो. जलद भाग ५-६ पिक्सेलच्या आत असेपर्यंतच हे चालतं. त्यापुढे मानेवरची त्वचा ताणलेली कळते, आणि गळ्यात साखळी असेल तर ती लहरते. दाढी आखूड हवी. कॉलरवर रुळणारी दाढी या पद्धतीत बसत नाही.

जोड लपवायला काहीच रंगवावं लागलं नाही, हा या शॉटमधला सगळ्यात गोड भाग. प्लेट क मधली कॉलरची पुढची बाजू रोटो करून (दर फ्रेमला कडेने आकार काढून वेगळी करून) सगळ्यात वर ठेवली, तिच्याखाली ख मधली मान, तिच्याखाली कॉलरची मागची बाजू. जोड कापडाच्या खऱ्या कडेमागे जातो. रोटोला मोशन ब्लर चालू, फेदर (कडेचा मऊपणा) दीड पिक्सेल, बस्स.

आता क्रोमा की (हिरवी पार्श्वभूमी काढून टाकणं) बद्दल थोडक्यात. हिरवं कापड फक्त डोक्यामागे, दोन मीटर बाय दीड मीटर, नटापासून दीड मीटर मागे. कापड मंद, बिनचकाकीचं घ्या. चमकदार पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण दिव्याचा डाग पडला की दोन हिरवे तयार होतात आणि कीयर (की करणारं टूल) त्यातला एकच धरतो. एकाच दुकानातून वेगवेगळ्या खेपेला आणलेले तुकडे शिवू नका, छटा जुळत नाहीत. कॅमेरा आठ बिट ४:२:० (रंगाची माहिती चित्राच्या निम्म्या रुंदी-उंचीत) देत असेल तरी घाबरू नका: यूएचडीत रंगाची माहिती मुळातच १९२० बाय १०८० असते, एचडीला आणून की केलं तर केसांच्या कडा पायऱ्यांच्या येत नाहीत. डीस्पिलला (कडांवर पडलेली हिरवी झाक काढायला) साधं सूत्र, हिरवा लाल-निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ द्यायचा नाही. पण ते फक्त कडेच्या मॅटमध्ये (चित्राचा कोणता भाग घ्यायचा हे ठरवणाऱ्या मुखवट्यात). तपकिरी त्वचेत हिरवा मुळातच त्या सरासरीच्या किंचित वर असू शकतो, आणि पूर्ण चेहऱ्याला लावलं की गाल जांभळट होतात. धाकट्याच्या चष्म्याच्या काचा काढून टाकल्यात. काचेतलं हिरवं प्रतिबिंब काढत बसण्यापेक्षा स्क्रू ड्रायव्हर बरा.

टूलबद्दल: हे सगळं रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतल्या फ्यूजनमध्ये (त्याच्या कॉम्पच्या भागात) झालं. तिचा प्लेनर ट्रॅकर (सपाट पृष्ठभागाची हालचाल टिपणारा) उत्तम. कॅमेरा ट्रॅकर (कॅमेऱ्याची हालचाल शोधणारा) मात्र विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतच मिळतो, म्हणून हलत्या शॉटना ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर. तिथे निदान आठ ट्रॅक, सेन्सरची रुंदी नीट भरलेली आणि सॉल्व्ह एरर (शोधलेल्या हालचालीतली सरासरी चूक) अर्ध्या पिक्सेलच्या आत, एवढं पाळलं तर तक्रारीला जागा नाही. आपोआप रोटो करणारी एआय टूल गार्बेज मॅटसाठी (नको तो भाग ढोबळ कापायला) झकास. केसांच्या कडेला दर फ्रेमला मत बदलतात.

अभिनयाची बाजू. थोरला सीन चालवतो, म्हणून प्लेट क आधी. टेक सेटवरच निवडायचा, त्याचा आवाज काढून इअरपीसवर द्यायचा, सुरुवातीला तीन बीप. वाचनाचा गाइड ट्रॅक वापरू नका, निवडलेल्या टेकमधल्या विरामांची लांबी वेगळी असते. टेक निवडताना चित्र कृष्णधवल करा आणि निवड दुसऱ्याला करू द्या. हिरवा पडदा दिसला की आपला डोळा अभिनय सोडून कडेला जातो. जिथे धाकटा वाक्य तोडतो तिथे थोरल्याला तुटायला काहीतरी हवं, म्हणून तेवढं एक वाक्य तालमीत ध्वनिमुद्रित करून आधीच कानात.

नजरेचं: या शॉटमध्ये डबल समोर आहे, प्रश्न नाही. जिथे नाही तिथे स्टँडवर एकच चेंडू लावू नका. माणूस बोलताना समोरच्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जातो. एका बिंदूकडे पाहिलं की नजर दगडी होते. दोन छोटे स्टिकर, मध्ये सहा सेंटिमीटर, खऱ्या अंतरावर. मागच्या भिंतीवर खूण केली तर दोन्ही बुबुळं समांतर होतात आणि क्लोजअपमध्ये नट आरपार पाहतोय हे कळतं. १९०० साली जॉर्ज मेलिएसने एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा एक्स्पोजर देऊन स्वतःच्या सात प्रती एकत्र बसवल्या, तेही मॉनिटर, इअरपीस काहीही नसताना. नट, जादूगार आणि तंत्रज्ञ एकच. आपण कुरकुर करायला नको.

पुढे शॉट ११, मिठी. बेत असा होता की डबलच्या धडावर थ्रीडी डोकं बसवायचं, त्यासाठी फोटो स्कॅनची तयारीही सुरू होती. पण वरचं लिहिता लिहिता सुचलं: मिठीत एकाचा चेहरा दिसतो तेव्हा दुसऱ्याची पाठच असते. दोन ओव्हर-द-शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दाखवणारे शॉट), डबलला विग, कॉम्प शून्य. दोघांचे चेहरे एकत्र फक्त मिठी सुटताना लागतात, साधारण ३० फ्रेम, आणि तिथे शॉट ७चीच मांडणी चालेल. अडचण एकच: सुटताना धाकटा वळतो, आणि वळलेल्या मानेला सपाट डिस्प्लेस पुरणार नाही. त्याने वळण्याआधी नजर खाली टाकली तर वळणं कटच्या पलीकडे ढकलता येईल. नजर टाकायचं कारण संहितेत आहे का, ते आधी तपासतो. नसेल तर थ्रीडी डोकं परत यादीत. विगसाठी मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, भांग डाव्या बाजूचा.