शेवटचा थांबा आणि एक सळई

बसच्या शेवटच्या थांब्यावर मी एकटाच उतरलो. कंडक्टरने माझ्या हातातल्या दोन फुटी सळईकडे दोनदा पाहिलं, विचारलं मात्र काही नाही. बेत साधा होता. शहराबाहेर चालत जायचं, अधूनमधून सळई जमिनीत खुपसायची आणि किती आत जाते ते पाहायचं. जितकं लांब जाऊ तितकी ती खोल शिरेल, असा माझा हिशेब.

तो पहिल्या तासातच चुकला.

थांब्यामागच्या प्लॉटांवर अजून एकही घर नाही, नुसते चुना फासलेले हद्दीचे दगड. तरी सळई बोटभरही शिरेना. रस्ता आखायला आलेले डंपर आणि रोलर इथून फिरून गेले होते. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, हवा आणि पाणी राहतं ते तिथेच. चाकांखाली आधी मिटतात त्या या पोकळ्या. बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं, तर ते उताराने थेट माझ्या चपलेखाली आलं. हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी १०,००० लिटर पाणी होतं. तेही असंच धावत सुटणार.

पुढे ओढा लागला. नकाशात निळी रेघ आहे, म्हणून ओढा म्हणायचं; काठ राडारोड्याने बुजलेत. त्यानंतर वीटभट्टी. तिच्या शेजारचा खड्डा पुरुषभर खोल, आणि कडेला मातीचे थर स्पष्ट दिसत होते: वर वीतभर गडद, खाली फिकट. सुपीक मातीचा इंचभर थर तयार व्हायला शतकं लागतात, आणि खणताना पहिला जातो तो हाच. "मालकाला जमीन विकायचीच आहे," भट्टीवरचा माणूस म्हणाला, "मग माती कशाला सोडतोय तो?"

त्याचं गणित मला पुढच्या दोन किलोमीटरांत नीट कळलं. एकामागून एक तारेचं कुंपण घातलेली, वर्षानुवर्षं न कसलेली शेतं. भाव वाढायची वाट पाहणारी. बांध फुटलेले, त्यांतून पाण्याने घळी पाडलेल्या. विकायच्या जमिनीचा बांध कोण घालत बसणार? शहरं मुळात वसली तीच बहुधा चांगल्या मातीवर, त्यामुळे ती पसरतातही चांगल्या मातीवरच. २०१७ सालच्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज होता, की २०३० पर्यंत शहरवाढीत जगातली सुमारे दोन टक्के पिकाऊ जमीन जाईल, आणि ती सरासरीच्या जवळजवळ पावणेदोन पट पीक देणारी असेल. हा हिशेब शहराखाली जाणाऱ्या जमिनीचा. माझ्यासमोरच्या शेतांवर तर अजून एक वीटही चढलेली नव्हती.

दुपार कलताना एक नांगरलेलं शेत दिसलं. राहवलं नाही. सळई मुठीपर्यंत आत गेली, जवळजवळ आपोआप.

"मोजणीला आलात का?" मागून आवाज आला. सत्तरीच्या बाई होत्या, हातात खुरपं.

"नाही आजी, सहज."

त्यांना ते पटलं नाही. सळई काढेपर्यंत उभ्या राहिल्या. मी भोक पायाने दाबून बुजवायला गेलो.

"पायानं नको," त्या म्हणाल्या आणि खाली बसून हाताने माती सारू लागल्या.