तुम्ही विचारलंत म्हणून : आत्तींच्या नावाची नोटीस

"वैनी, कष्टाचं खात होता बिचारा, त्याच्यावर नोटीस कशाला काढली?" लग्नात, मिरची बाजारात, व्हॉट्सॲपवर, सगळीकडं हेच. आमच्यासारखंच नाव लावून चटणी विकणाऱ्या एकाला मी ट्रेडमार्कची, म्हणजे रजिस्टर केलेल्या नावाच्या हक्काची, नोटीस काढली, त्यावरून हे सगळं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

चटणी विकायला मी कुणालाच अडवलेलं नाही. कांदा-लसूण चटणी कोल्हापुरात घरोघरी होते, ब्याडगी मिरची किती घ्यायची नि संकेश्वरी किती हे ज्याच्या त्याच्या घरचं. ट्रेडमार्कनं ती कृती माझी होत नाही, आणि 'कोल्हापुरी' किंवा 'चटणी' हे शब्दही होत नाहीत, मालाचं नुसतं वर्णन करणारी नि गावांची नावं 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम 9 सहसा कुणा एकाला देतच नाही. मी रजिस्टर केलं ते 'आत्तींची चटणी' हे नाव, मसाले ज्यात येतात त्या 30 नंबरच्या क्लासमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गात. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धंदा त्यांनी उभा केला.

आता ते पाकीट. ऐन उन्हाळा, डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, पहाटेपासून रांग, नि इचलकरंजीच्या एक बाई आल्या, आत्तींच्या वेळचं गिऱ्हाईक. काही न बोलता फोडलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं. तोच लाल रंग, तीच पिवळी किनार, आणि नावाच्या आधी एवढ्याशा अक्षरात 'न्यू'. मी चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, लसणाचा वास नाही, खोबऱ्याचं तेल सुटत नाही, पाण्याचा थेंब टाकला तर लाल ओघळ बोटांमधून खाली, आणि हात धुतला तरी रंग तसाच. मी म्हटलं काकू, हे आमचं नव्हे. त्या म्हणाल्या, "आत्ती असत्या तर असलं विकलं नसतं." परत सांगितलं, दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून दाखवली, तरी त्यांना वाटत होतं मी अंगावरचं झटकतेय. पैसे घेतले नाहीत त्यांनी, दुसरं पाकीटही नेलं नाही. परत आल्या नाहीत. नाव कशाला राखायचं असं मला विचारता ना, त्या काउंटरवर मला दुसरं काय राखायचं होतं सांगा.

ते पाकीट विकणाऱ्याला घरी बोलवून सांगितलं आधी. तो म्हणाला, "वैनी, आत्ती काय तुमच्या एकटीच्याच हायत व्हय?" शब्द सगळ्यांचा आहे, मान्य. पण मग किनार पिवळीच का, आणि आमच्याच गिऱ्हाइकाला का?

गप्प बसायचं होतं म्हणता, तर अमृतधारा नि लक्ष्मणधारा या दोन औषधांच्या नावांवरचा 1962 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा. कोर्ट म्हणालं की सामान्य गिऱ्हाईक दोन नावं शेजारी ठेवून ताडून बघत नाही, त्याला अर्धवट आठवत असतं, म्हणजे ही नावं फसवणारीच. आणि तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरतं रजिस्ट्रेशन मिळालं, कारण अमृतधारावाले सगळं माहीत असून वर्षानुवर्षं गप्प बसले होते. इथं गप्प बसणाऱ्याचं नाव जातं, म्हणून नोटीस.

आता दुसरी बाजू, जी मीच एकेकाळी तावातावानं मांडायचे, की नावावर कुणाची मालकी नसावी. आमच्या गल्लीतल्या फरसाणवाल्यांना एका मोठ्या कंपनीची नोटीस आली होती, नाव सारखं म्हणून. दुकान कंपनीच्या आधीचं. कलम 34 अशा जुन्या वापरणाऱ्याला वाचवतं, पण ते सिद्ध करायला जुनी बिलं लागतात, वकील लागतो, तारखांना जायला दुकान बंद ठेवावं लागतं. त्यांनी पाटी पुसली. तेव्हा मी म्हणायचे हा कायदा पैसेवाल्यांचा, आणि आजही ते खोटं वाटत नाही. पेटंट, म्हणजे शोधावरचा हक्क, 20 वर्षांनी संपतं, ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी फी भरत राहिलं की संपतच नाही, हेही मला खटकतं. माझ्या नातवंडांनी डंक बघितलाही नसेल नि नाव मात्र त्यांचं?

तुम्ही म्हणाल मग तुमची नोटीस नि त्या कंपनीची नोटीस यात फरक काय. फरक आहे, तो माझं गिऱ्हाईक ओढत होता, फरसाणवाले कुणाचंच ओढत नव्हते. पण कागदावर दोन्ही नोटिसांची भाषा जवळपास एकच होती, मी वाचल्यात दोन्ही. भांडायला पैसे नसलेल्याला या कायद्यात कसं उभं करायचं ते मला माहीत नाही, कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा. माझी नोटीस मात्र मी मागं घेणार नाही.