रेडिओ बंद कर जरा

परवा दुपारी ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. माणूस सज्जन, गाडी पुसून लख्ख, सीटांवर स्वच्छ कव्हरं. सरळ रस्त्याला सगळं ठीक चाललं होतं. कोपऱ्यावर त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढच्या चाकाकडून कट् कट् कट् कट् असं सुरू झालं. वळण संपलं, आवाज संपला. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते निवांत. त्यांनी हात पुढे केला आणि रेडिओ जरा मोठा केला.

अशा वेळी बोललं तर आगाऊपणा आणि गप्प बसलं तर घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं. स्टिअरिंग पूर्ण फिरवून चालताना वाजणारी ही कटकट बहुतेक वेळा अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या टोकाच्या सांध्याची असते. त्या सांध्यावर चुण्याचुण्यांचं रबरी बूट असतं. ते फाटलं की आतलं ग्रीस फिरत्या चाकाबरोबर बाहेर उडतं, धूळ-पाणी आत शिरतं आणि आतले पोलादी गोळे कोरडे घासायला लागतात. चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की समजायचं. बूट फाटल्या फाटल्या लक्षात आलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं, कटकट लागल्यावर सांधाच बदलावा लागतो. एवढं सगळं जिभेवर आलं होतं, पण मी म्हटलं काय, तर "वळताना जरा आवाज येतोय का हो?"

"येतो," ते म्हणाले. "पण नंतर जातो."

मी पुढे काही बोलले नाही.

माझी खोडच आहे ही. गाडीत बसलं की पहिली काही मिनिटं मला रेडिओ चालत नाही. काच खाली करायची, गप्प बसायचं आणि ऐकायचं. काही संशय आला तर एखादी लांबलचक भिंत शोधून तिच्या कडेने गाडी हळूहळू न्यायची. भिंत आवाज परत फेकते, त्यामुळे तो त्या अंगाचा असेल तर एकदम स्पष्ट होतो. मग वळून दुसरी बाजू भिंतीकडे. घरचे आता विचारतही नाहीत, त्यांना वाटतं मी पार्किंग शोधतेय.

ही खोड बाबांकडून आली. त्यांच्या जुन्या गाडीत एकदा मागून टण् असा आवाज यायला लागला. खड्डा आला की टण्, वळण आलं की टण्, आणि मध्येच काही कारण नसताना एक टण्. बाबांनी मला मागच्या सीटवर आडवं केलं, सीटला कान लावायला सांगितला आणि एकाच खराब रस्त्यावरून गाडी पुन्हा पुन्हा फिरवली. "डावीकडे की उजवीकडे?" "मध्ये." "अगं, मध्ये काही नाहीये!" मग डिकी रिकामी झाली. जॅक, पाने, स्टेपनी, जुन्या चादरी, एक छत्री, सगळं अंगणात. रिकामी गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर. टण्.

शेवटी मिस्त्री आले. त्यांना मागचा आवाज दाखवायचा होता, पण त्यांनी आधी बोनेट उघडलं. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनवर एके ठिकाणी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. माझी उत्सुकता बघून त्यांनी मला बोलावलं. पण आधी माझी वेणी फ्रॉकच्या आत खोचायला लावली, ओढणी-बिढणी नाही ना ते पाहिलं, आणि फिरणारा पट्टा नि पंखा बोटाने दाखवून म्हणाले, "इथे हात नाही, केस नाही." मग ती तेलकट मूठ माझ्या कानाला लागली. बाहेरून नुसती घरघर करणारं ते इंजिन आतून वेगळंच निघालं. एका जागी बारीक, भराभर टिकटिक. वीतभर बाजूला सरकवलं की टिकटिक मागे गेली आणि खोल, सलग घुमणारं काहीतरी पुढे आलं. "ही व्हॉल्व्हची, हा पाण्याचा पंप. दोन्ही ठीक," ते म्हणाले. मी तिथून हलायला तयार नव्हते.

मागचा आवाज त्यांनी अगदी साध्या रीतीने शोधला. चारी दारांवर खालच्या अंगाला मुठीने ठोकत गेले. मागच्या डाव्या दाराने उत्तर दिलं: टण्. दाराची आतली पट्टी काढली तर पोकळीत एक नट पडलेला. तो त्यांनी बाबांच्या तळहातावर ठेवला. गाडीतला एकही नट कमी नव्हता. तो कशाचा होता ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मिस्त्रींची एक सवय माझ्या डोक्यात पक्की बसली. आवाज कुठून येतो हे ते फारसं विचारत नसत, कधी येतो हे विचारत. सकाळी गार इंजिनला की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? उभ्या गाडीत रेस दिली तर येतो का? चढाला वाढतो का? पावसात भिजल्यावर येतो का? बाबा वैतागत, कारण त्यांना 'कुठून' माहीत असे, म्हणजे तसं त्यांना वाटे. गाडीचा सगळा सांगाडा पत्र्याचा. आवाज पुढच्या चाकात निघतो आणि मागच्या सीटखाली ऐकू येतो. त्यामुळे कानाने 'कुठे' सांगणारा माणूस हटकून फसतो. 'कधी'च्या बाबतीत मात्र साधं लक्ष असलं तरी पुरतं.

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस वाढवली की वाढणारा आवाज इंजिनचा किंवा त्याच्यावर चालणाऱ्या पट्ट्या-पंपांचा. गिअर कोणताही असो, न्यूट्रलला टाकून घरंगळू दिली तरी गाडीच्या वेगाबरोबरच चढणारा-उतरणारा आवाज चाकांकडचा. लांबून विमान जातंय तशी घूंऽऽ येत असेल आणि डावीकडे वळताना वाढत, उजवीकडे वळताना कमी होत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग आधी बघा, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. नेमक्या ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तेव्हा चाकांचं बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं, तेव्हा डिस्क. सिग्नलला उभं असताना खालून पत्र्याची खडखड येते आणि जरा रेस दिली की गायब होते, ती बहुतेक वेळा सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा बोल्ट ढिला झाल्याची. ही खडखड ऐकून लोक इंजिन गेलं म्हणून हादरतात, आणि ब्रेकच्या चिरकण्याकडे मात्र खुशाल दुर्लक्ष करतात. त्या चिरकण्यासाठी ब्रेक पॅडला पत्र्याची एक जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. तिचं काम तेवढंच. पुढे किंचाळणं थांबून खरखर सुरू झाली की लोखंडावर लोखंड घासतंय, आता डिस्कही जाणार.

आता तो जगप्रसिद्ध अनुभव. घरी आठवडाभर बोंबलणारी गाडी मिस्त्रीच्या दारात जाऊन मूग गिळून बसते. यात गाडीचा खोडसाळपणा नाही. तुम्ही तिला चालवत नेता, म्हणजे पोहोचेपर्यंत ती तापते. धातू प्रसरण पावलेला असतो, तेल पातळ होऊन सगळीकडे पोहोचलेलं असतं, पट्टा कोरडा झालेला असतो. सकाळच्या पहिल्या मिनिटाचा आवाज दुपारी ऐकायला मिळणारच नाही. त्यावर एकच उपाय: गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवायची आणि सकाळी पहिली चावी मिस्त्रीला मारायला लावायची. तेही जमत नसेल तर फोनवर आवाज टिपून न्यायचा. माझ्या फोनमध्ये माणसांच्या फोटोंपेक्षा गार इंजिनं जास्त असतील.

आणि मिस्त्रीला आवाज सांगावा, पार्ट सांगू नये. "सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बदलून द्या" म्हटलं की तो बदलून देतो, त्यात त्याचा काय दोष? चावी फिरवल्यावर टकटकटकटक अशी घाईची टकटक आणि दिवे मंद होतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल ढिलं, नाहीतर पांढऱ्या-हिरव्या भुकटीने माखलेलं. दिवे लख्ख आहेत आणि एकच जाड 'टक्' होऊन सगळं शांत, तेव्हा सेल्फकडे बोट दाखवायला जागा आहे. व्होल्ट मोजायचं मीटर असेल तर काम आणखी सोपं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली म्हणजे ती जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनवरही १२ च दिसत असतील तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, इंजिनवर चालून बॅटरी भरणारा डायनमो चार्जच करत नाहीये, नवीही उतरेल. टर्मिनल साफ करायला काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ते शेवटी. उलट केलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी कशी उडते ते बघायची हौस नको.

सकाळी चिरकणाऱ्या पट्ट्याची एक गंमत मला फार आवडते. चालू इंजिनवर, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारायचा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाही. उलट वाढला तर पट्टा घसरतोय, ताण कमी पडलाय. एवढीशी बाटली, पण ती पट्टा आणि पुलीतलं भांडण मिटवते. हे करताना माझ्या चेहऱ्यावर फार समाधान दिसतं असं घरात म्हणतात.

नाकाचंही थोडं ऐकावं. गाडीत गोडसर वास येतो आणि पुढची काच आतून चिकट धुरकटते, तेव्हा हीटरच्या जाळीतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, झिरपतोय. रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवला तर सकाळी तो बरंच काही सांगतो: काळपट डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, आणि नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्यासाठी झोप मोडायची गरज नाही. सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकलं तरी नको. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते कुठेतरी दिसणारच.

हल्ली कान-नाक कशाला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा की, असं म्हणणारे भेटतात. लावावा. १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना स्कॅनर जोडायचं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं आणि मग जगभर पसरलं, त्याने पुष्कळ अंधार कमी केला. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. 'पी०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये, एवढंच. प्लग, कॉइल की इंजेक्टर, ते आपण शोधायचं. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी. कोड 'पी०३०२' झाला तर कॉइल चोर. जागचा हलला नाही तर पुढे प्लग. म्हणजे पुन्हा तेच, प्रश्न विचारत जायचं. फक्त इंजिनचा पिवळा दिवा सलग न जळता लुकलुकत असेल तर प्रश्नोत्तरं नंतर. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतं. पाय हलका करावा, गाडी बाजूला घ्यावी.

एवढं ऐकण्याचं कौतुक केलं खरं, पण काही बिघाड आवाज करतच नाहीत. ब्रेक ऑइल त्यातलं. ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं; पाणी मुरल्यावर मानकालाच किमान १५५ चालतात. लांबलचक उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की तेवढी उष्णता होऊ शकते. तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय पेडलवर असतो, पेडल तळाला, आणि गाडी थांबत नाही. तोपर्यंत कसलीही चिरचिर नाही, खडखड नाही. बऱ्याच कंपन्या हे तेल दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, तरी सर्व्हिसिंगच्या यादीतली ही ओळ आपण सहज खोडतो. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. आणि कधीतरी, गाडी सपाटीवर उभी असताना, ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरावं आणि तसंच धरून इंजिन चालू करावं. इंजिन सुरू होताना ते किंचित खाली जातं, ते बरोबरच. पण त्यानंतरही पायाखाली हळूहळू बसत चाललं असेल, तर ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवत न्यायची नाही. उचलून न्यायची.