डोक्यावर आभाळ दिसतंय ना? मगच तिकीट काढा

ओहायो स्टेट विद्यापीठाचा मार्चिंग बँड ऐकायला अमेरिकेत कोलंबसला जाणार असाल तर स्टेडियमच्या बी डेकचं, म्हणजे मधल्या, छताखालच्या मजल्याचं तिकीट काढू नका. कोणी फुकट दिलं तर अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला जा. बँड ऐकायला नको.

मी पुण्यात बारा वर्षं पथकात ताशा वाजवलाय. भाच्याकडे अमेरिकेला जायचं ठरल्यावर यादीत पहिलं नाव या बँडचं होतं. नुसती पितळी वाद्यं आणि ड्रम, बासरी-क्लॅरिनेट काही नाही, सव्वादोनशेच्या आसपास पोरंपोरी. भाच्याने तिकिटं परत विकणाऱ्या एका साइटवर जागा शोधली. जाहिरातीत लिहिलेलं, ‘पश्चिम बाजू, मधोमध, छताखाली’. भाचा म्हणाला, "मामा, पाऊस आला तरी भिजणार नाही." १४० डॉलरचं तिकीट पैसे भरायच्या पानावर १८३ झालं. वरचे ४३ सर्व्हिस फी म्हणे. कसली सर्व्हिस ते आजतागायत कळलेलं नाही.

स्टेडियम १९२२ सालचं, घोड्याच्या नालेसारखं, एक लाखाहून जास्त माणसं मावतात. खाली ए डेक, वर सी डेक, आणि दोघांच्या मध्ये पोटमाळ्यासारखा बी डेक. सी डेकची काँक्रीटची स्लॅब बरोबर डोक्यावर. समोर मैदानाची एक आडवी फट तेवढी दिसते. आमची रांग अगदी मागची, तिथून मोठा स्कोअरबोर्डसुद्धा दिसत नव्हता.

सामन्याआधी उत्तरेच्या रॅम्पवरून बँड उतरतो. मिनिटाला १८० ठोके, एकेक रांग धावल्यासारखी बाहेर येते. दिसायला अफाट! ऐकू काय आलं? मोठ्या ड्रमची घूं घूं, आणि आजूबाजूच्या माणसांचा कल्ला. ट्रम्पेटचा तीक्ष्ण आवाज समोरच्या डोक्यांत आणि जाकिटांत मुरतो. खर्ज मात्र छत आणि मागची भिंत यांच्यात अडकून फिरत राहतो. धान्याच्या गोदामात बसून बाहेरची मिरवणूक ऐकावी तसं. लाउडस्पीकरवरची घोषणा सुटी, तिचा पडसाद सुटा. हाफटाइमला बँड वाजत असताना तर निम्मं पब्लिक खायला उठलं आणि आमच्याच मागच्या वाटेवरून बुटांचा आवाज करत गेलं. चार तास त्या ॲल्युमिनियमच्या बाकावर, एका माणसाला जेमतेम दीड फूट जागा. पाऊस आलाच नाही.

रात्री झोप लागेना म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्या (एंड झोन) धरून ११० मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. १८० च्या लयीत एक ठोकाही तेवढाच! बँड मैदानभर पसरला आणि तुम्ही गोलपोस्टच्या मागे बसलात, तर जवळची रांग आणि लांबची रांग यांच्यात जवळजवळ अख्ख्या ठोक्याचं अंतर पडणार. वाजवणारे चुकत नसतात, तुमची जागा चुकलेली असते. पथक लांबलं की मागच्या ढोलांना टोल उशिरा ऐकू येतो, तेच हे. म्हणून ही पोरं कानापेक्षा समोरून ताल दाखवणाऱ्याच्या हातावर जास्त भिस्त ठेवतात.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. या वेळी तिकीट मी स्वतः काढलं: पश्चिमेला सी डेक, पुढच्या रांगा, मधल्या रेषेच्या आसपास. चढण आहे, पण धडधाकट माणसाला काही नाही. डोक्यावर आभाळ हवं, एवढी एकच खूण धरली होती. बँड हाफटाइमला साधारणपणे पश्चिमेच्या प्रेस बॉक्सकडे, म्हणजे पत्रकारांच्या कक्षाकडे तोंड करतो. वाद्यांची तोंडं किंचित वर रोखलेली असतात, आणि वरून ऐकताना मध्ये कोणाचं डोकं येत नाही. पितळेचा तो लखलखीत आवाज थेट अंगावर आला. १९३६ पासून चालत आलेली ‘स्क्रिप्ट ओहायो’ची वळणदार अक्षरं, म्हणजे बँड चालत चालत मैदानावर Ohio लिहितो, शेवटी सूझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य अंगावर घेतलेला एक जण डुलत येऊन आयवर टिंब देतो. ट्रॉम्बोन वेगळे ऐकू येत होते, मेलोफोन वेगळे. मला रडू आलं, कोणाला सांगू नका.

पूर्वेचं तिकीट स्वस्त मिळालं तरी विचार करा. वाद्यांची पाठ ऐकू येते आणि दुपारचं ऊन डोळ्यांवर. मैदानालगतच्या पहिल्या रांगेचा मोहही नको, तिथे समोर जे चार ट्रॉम्बोन असतील तेवढाच तुमचा बँड, आणि अक्षरं तर वाचताच येत नाहीत. ए डेक चालेल, पण त्याच्याही मागच्या रांगा छताखाली जातात, नकाशा पाहूनच पैसे भरा. हाफटाइमला भूक लागली तरी उठायचं नाही. २० मिनिटांतच सगळं उरकतं.

खिसा रिकामा असेल तर सामन्याआधी सेंट जॉन अरीनात बँडचं ‘स्कल सेशन’, म्हणजे लोकांसमोरची तालीम होते, ती फुकट असते. बंद हॉल आहे, दणका जबरदस्त. लवकर जा.

आणि सामना संपल्यावर पळू नका. बँड दक्षिणेच्या स्टँडमध्ये असतो, खेळाडू त्याच्यासमोर उभे राहून ‘कार्मेन ओहायो’ हे विद्यापीठाचं गीत म्हणतात. लोक पार्किंगकडे धावत सुटलेले असतात, तेव्हा जमेल तितकं दक्षिणेला सरका. बाकं रिकामी झाली की आवाज मुरवायला माणसं नसतात आणि तो मोकळा फिरतो. भाचा गाडीची किल्ली वाजवत उभा होता. मी म्हटलं, तू हो पुढे.