आईच्या डब्यातल्या तीन गोळ्या

मागच्या श्रावणात आई हवेत सुई ओवायला लागली. डोळे बारीक करून, चिमूट जुळवून. तिनं चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवलेत, हातांना सवय आहेच, पण समोर ना सुई ना दोरा. विचारलं तर म्हणाली, "थांब गं, दोरा ओला होईना." खरंच, तिचे ओठ कोरडेठाक पडले होते.

अल्झायमर वाढला असेल, असं सगळेच धरून चालले. मीही. पण दोन महिन्यांत एवढं? भाताचा घास टाळूला चिकटायचा, चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही.

एका रात्री सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून बसले. विसरण्यावर डोनेपेझिल. ती सुरू झाल्यावर लघवी आवरेना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. पायांची आग होते म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन, ते तिसऱ्यांचं. तिन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहिलेलं माणूस एकही नाही, याचा मला अजून राग येतो.

मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप पोचवतं. अल्झायमरमध्ये तेच कमी पडतं. डोनेपेझिल ते टिकवून धरतं, आणि बाकीच्या दोन गोळ्या त्याचंच काम अडवतात; कोरडं तोंड, साफ न होणारं पोट, भास, हे सगळं त्यातूनही होऊ शकतं. शिवाय डोनेपेझिलनं मूत्राशयही जास्त आवळतं. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी! कॅनडातल्या ऑन्टारिओत नेमकं हेच तपासलं होतं, 2005 साली अहवाल आला: डिमेन्शियावरची, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशावरची, अशी औषधं घेणाऱ्यांना लघवीची ही औषधं जास्त वेळा सुरू झालेली दिसली. वाचताना वाटलं, आमच्याच घराबद्दल लिहिलंय.

नॉटिंगहॅम विद्यापीठाचा 2019 चा अभ्यासही वाचला. डिमेन्शिया झालेल्या 58,769 जणांच्या नोंदी त्यात तो न झालेल्यांशी ताडून पाहिल्या होत्या. ॲसिटिलकोलीनचं काम अडवणारी काही औषधं, विशेषतः नैराश्यावरची (अमिट्रिप्टिलिन त्यातलंच) आणि लघवीवरची, वर्षानुवर्षं घेतलेल्यांत डिमेन्शिया जास्त आढळला. गोळीमुळेच तो झाला, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. नैराश्य किंवा लघवीचा त्रास ही आजाराची आधीची चाहूलही असू शकते. हे मी बहिणीला दोनदा समजावलं, कारण ती फोनवर रडत होती की आपणच आईला आजारी पाडलं.

मनानं मी एकही गोळी बंद केली नाही. वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांपुढे सगळा डबाच नेऊन ठेवला. त्यांनी प्रत्येक पाकीट उलटून पाहिलं, सर्दीची गोळीसुद्धा. ऑक्सिब्युटिनिन थांबवलं, अमिट्रिप्टिलिन हळूहळू उतरवलं. आता दर दोन तासांनी मी आईला हात धरून बाथरूमला नेते. रात्री दोनदा उठावं लागतं, पाठ भरून येते.

पंधरा दिवसांनी तिचे हात शांत झाले. माझं नाव अजूनही कधी आठवतं, कधी नाही. पण परवा वरणभाताचा घास नीट चावून, गिळून म्हणाली, "मीठ विसरलीस."