बाखचे सहा दिवस, आल्टोच्या मागावर

३० नोव्हेंबर, रविवार

गेल्या वर्षी जर्मन संगीतकार बाखचा 'ख्रिसमस ओरॅटोरिओ', म्हणजे येशूजन्माची गायलेली कथा, मी एका दुपारी सलग ऐकला होता. अडीच तास, मधे एक चहा. तिसऱ्या भागापाशी कान मिटले आणि पुढचं सगळं नुसतं कानावरून गेलं. दोष बाखचा नव्हता, माझा होता. ही एका बैठकीची चीजच नाही. सहा कँटाटा (चर्चमध्ये वाद्यांसह गायच्या रचना) आहेत, आणि १७३४ च्या नाताळात जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये त्या सहा वेगवेगळ्या दिवशी गायल्या गेल्या : २५, २६, २७ डिसेंबर, १ जानेवारी, नव्या वर्षाचा पहिला रविवार आणि ६ जानेवारी. तेव्हा यंदा ज्या दिवशीचा भाग त्याच दिवशी ऐकायचा. एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, म्हणजे कुकर लावून झाल्यावर सहज बसतो.

दुसरं उद्दिष्ट जरा अवघड आहे. कोरालमध्ये, म्हणजे चार आवाजांत गायच्या स्तोत्रात, आल्टो पकडायचा. (वरून खाली आवाज असे : सोप्रानो, आल्टो, टेनर, बास.) माझा कान ख्यालावर वाढलेला, एका वेळी एकच स्वररेषा धरणारा. चार आवाज एकत्र आले की मला एकच जाडजूड सूर ऐकू येतो. सोप्रानोत मूळ चालच असते, ती आपोआप कळते. बास गेल्या वर्षी सापडला. टेनर नशिबाने. आल्टो मात्र मधल्या भावंडासारखा, घरात असतो पण दिसत नाही.

पद्धत अशी : आल्टोची ओळ हार्मोनियमवर एका बोटाने वाजवायची, वहीत सरगम लिहायची, मग रेकॉर्डिंग लावून तीच ओळ गुणगुणायची. गुणगुणणं थांबवल्यावरही ती ऐकू आली तर वहीत बरोबरची खूण.

आणि एक पथ्य. लाइपझिगच्या चर्चमध्ये ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारनंतर नाताळपर्यंत वाद्यवृंदासह कँटाटा होत नसत. मीही आजपासून २५ तारखेपर्यंत ट्रम्पेट आणि नगारे बंद ठेवते आहे.

१४ डिसेंबर

उपवासाचे पदार्थ बरे निघाले. इटालियन संगीतकार कोरेल्लीचा ऑपस ६ मधला आठवा कंचेर्तो (वाद्यवृंदाची रचना), ज्यावर 'नाताळच्या रात्रीसाठी' असं लिहिलेलं आहे, नुसत्या तंतुवाद्यांचा आहे, म्हणून पथ्यात बसतो. शेवटची 'पास्तोराले' आली की तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं होतं. खाली एक सूर धरून ठेवलेला आणि वर झुलणारी चाल. नाताळात डोंगरातून रोमला उतरणारे मेंढपाळ पावा आणि मशकवाद्य वाजवत, त्याची ही आठवण. हँडेलच्या 'मसाया' या ओरॅटोरिओमधला 'पीफा' हा तुकडाही तिथूनच आलेला, नावासकट. (तो 'मसाया' आज नाताळाशी बांधला गेलाय खरा, पण त्याचा पहिला प्रयोग डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ ला झाला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.)

आल्टोच्या सरावाला प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने १६०९ मध्ये चार आवाजांत बांधलेलं नाताळगीत 'एस इस्ट आइन रोझ' घेतलं. संथ आहे, वाद्यं नाहीत, लपायला जागा कमी. आठ दिवसांत पहिल्या दोन ओळींचा आल्टो सुटा ऐकू यायला लागला. पुढे सगळे आवाज एकमेकांच्या जवळ येतात आणि मी पुन्हा सोप्रानोच्या मागे धावते.

२१ डिसेंबर

बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'अ सेरेमनी ऑफ कॅरल्स' (कॅरल म्हणजे नाताळगीत). १९४२ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, अमेरिकेहून इंग्लंडला परतताना बोटीवर लिहिलेलं. मुलांचे आवाज आणि एक हार्प, बस्स. 'धिस लिटल बेब' हा तुकडा माझ्यासारख्यांनी व्यायाम म्हणून रोज घ्यावा. पहिलं कडवं सगळे एका सुरात गातात, दुसऱ्यात दोन आवाज पाठोपाठ धावतात, तिसऱ्यात तीन. तीच चाल, फक्त उशिरा सुरू केलेली. पहिल्या दिवशी तिसऱ्या कडव्यात मला नुसता गोंगाट ऐकू आला. आज दुसरा आवाज शेवटपर्यंत धरला. तिसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू.

२४ डिसेंबर

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला बायबलमधल्या नऊ वाचनांचा आणि कॅरल्सचा कार्यक्रम तिथे दुपारी तीनला असतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. जेवणं उरकून रेडिओचं प्रक्षेपण लावलं. १९१८ मध्ये, महायुद्ध संपल्या संपल्या तिथल्या डीनने, एरिक मिल्नर-व्हाइटने, हा सुरू केला. तो स्वतः आघाडीवर पाद्री म्हणून जाऊन आला होता. १९२८ पासून रेडिओवर, मधलं १९३० सोडलं तर दर वर्षी.

सुरुवात एका मुलाच्या आवाजाने होते, 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी'चं पहिलं कडवं. कोण गाणार ते मुलांना अगदी ऐन वेळी कळतं. आधाराला ऑर्गन नाही, आपल्या भाषेत तंबोरासुद्धा नाही. त्या शांततेत पोरगा षड्ज लावतो कसा, याचंच मला दर वर्षी दडपण येतं. चौथ्या वाचनाला आमच्याकडचं इंटरनेट गेलं ते सहाव्याला आलं. त्यामुळे मधल्या कॅरलबद्दल काही लिहिता येत नाही.

२५ डिसेंबर : भाग पहिला

सकाळी सातला लावला. साडेतीन आठवड्यांनी पहिला आवाज आला तो नगाऱ्याचा. एकटा नगारा, सा आणि खालचा प. मग बासऱ्या, ओबो, ट्रम्पेट, आणि मग अख्खा क्वायर (गायकवृंद) एका सुरात नगाऱ्याचीच चाल गातो. पथ्य पाळल्याचं सार्थक झालं.

मोठ्या समूहगानाची सुरुवात नगाऱ्याने का, याचं उत्तर शब्दांत आहे, पण या शब्दांत नाही. हे गाणं मुळात ८ डिसेंबर १७३३ चं, सॅक्सनीच्या मारिया योसेफा राणीच्या वाढदिवसाचं. तिथले शब्द होते, 'नगाऱ्यांनो, निनादा! ट्रम्पेटांनो, दुमदुमा!' वर्षभराने बाखने तेच संगीत घेऊन त्यावर येशूजन्माचे शब्द बसवले. शब्दांतला नगारा गेला, वाजणारा राहिला.

याबद्दल इंग्रजीत वाचताना लेखक थोडे ओशाळल्यासारखे लिहितात, बाखने असं का केलं, वेळ कमी होता का, वगैरे. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "म्हणजे चाल लावलीय म्हण की." त्यांच्याकडे नाट्यपदांची जुनी पुस्तकं आहेत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल :' आणि पुढे कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याचा मुखडा. चाल कुठून आली यात लपवण्यासारखं काय असतं?

हार्मोनियमशी पडताळलं. गार्डिनर या संचालकाच्या १९८७ च्या रेकॉर्डिंगमध्ये जुन्या पद्धतीची वाद्यं आहेत आणि सूर आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली, म्हणून डी मेजर काळी एकमध्ये वाजतो. कार्ल रिश्टरचं १९६५ चं पांढरी दोनला. आल्टोचा सराव एकाबरोबर केलात तर दुसऱ्याबरोबर पेटी जुळणार नाही. दोन दिवस मी स्वतःलाच बेसूर समजत होते.

भागातला पहिला कोराल : आल्टो, पहिली ओळ हो, बाकी नाही.

२६ डिसेंबर : भाग दुसरा

सहांपैकी हा एकच भाग गाण्याने नाही, वाद्यांनी उघडतो. मेंढपाळांची रात्र. चार ओबो, त्यातले दोन 'ओबो दा काच्चा' : वाकडं, कातड्याने मढवलेलं लाकूड आणि पुढे पितळेचा कर्णा. आवाज सनईपेक्षा जाड आणि मऊ. तंतुवाद्यं आणि बासऱ्या एका बाजूला, हे चार दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी दोघं एकाच सुरावटीत झुलतात. तीन वेळा ऐकलं. आल्टोचा अभ्यास आज राहिला.

मग 'श्लाफे, माइन लीब्स्टर'. बाळ येशूची अंगाई, एकटी आल्टो गाते, म्हणजे शोधायला नको. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "कोणासाठी आहे?" मी खरं सांगितलं : मूळ गाणं हर्क्युलिसच्या एका संगीत नाटिकेतलं, ५ सप्टेंबर १७३३ चं, राजपुत्राच्या वाढदिवसासाठी केलेलं. त्यात विलासाची देवता त्याला कर्तव्यापासून ढळवायला झोपवत असते. काळी पाचमधलं सोप्रानोचं गाणं बाखने पांढरी पाचला आणून आल्टोला दिलं. तीन पट्ट्या उतरल्यावर मोहिनी गेली, आई आली. सासूबाई म्हणाल्या, "झोप तीच गं, झोपवणारी वेगळी."

२७ डिसेंबर : भाग तिसरा

घाईत ऐकला, पाहुणे होते. पण आल्टोची 'श्लीसे, माइन हर्त्से' सोडू नका. अख्ख्या ओरॅटोरिओत नव्याने रचलेली एरिया (एकट्या गायकाचं गाणं) ही एकच, असं अभ्यासक सांगतात. सोबत एकटं व्हायोलिन.

१ जानेवारी : भाग चौथा

आज ट्रम्पेट नाहीत, दोन हॉर्न आहेत. सोप्रानोची एरिया प्रतिध्वनीची आहे. ती येशूला विचारते, मृत्यूची भीती वाटावी का? दुरून उत्तर येतं, 'नाइन'. आनंद करावा का? 'या'. हाही हर्क्युलिसचाच प्रतिध्वनी, फक्त प्रश्न बदललेले. मला थोडं पोरकट वाटतं, तुमचं मत वेगळं असू शकतं.

४ जानेवारी, रविवार : भाग पाचवा

हा भाग १७३५ मध्ये फक्त सेंट निकोलस चर्चमध्ये झाला, आणि तिसराही. तिथल्या दुसऱ्या चर्चच्या, सेंट थॉमसच्या, लोकांना सहापैकी चारच ऐकायला मिळाले. आपण नशीबवान.

आणि आज माझी कमाई. यात एक तिघांची एरिया आहे. सोप्रानो आणि टेनर आळीपाळीने विलाप करतात, ती वेळ कधी येणार, सांत्वन कधी येणार. बराच वेळ हे चालतं आणि मधे आल्टो तोडते : 'श्वाइग्ट!' गप्प बसा, तो आलेलाच आहे. पाच आठवडे जिच्या मागे फिरतेय ती बाई स्वतःहून आली आणि बाकीच्यांना गप्प करून गेली. मी मोठ्याने हसले.

६ जानेवारी : भाग सहावा

शेवटचा कोराल. चाल ओळखीची, कारण २५ तारखेच्या पहिल्या कोरालची तीच. ही चाल १६०१ मध्ये हास्लर या जर्मन संगीतकाराच्या एका प्रेमगीताची होती. पुढे ती क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या गीताला लागली, आणि बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांच्या गायलेल्या कथेत, पाच वेळा येते. म्हणून पाळण्यात बाखने क्रुसाची सावली पाडली, असं बरेच जण लिहितात. मला पटत नाही. ही चाल तेव्हा इतर स्तोत्रांनाही लावत, ऐकणाऱ्याच्या मनात एकच शब्द येतील असं कसं धरायचं? सासूबाई तर म्हणतात, एका चालीवर किती पदं झाली ते त्यांच्या पुस्तकात मोजून बघ.

या वेळी चाल ट्रम्पेट आणि नगाऱ्यांच्या दंग्यात येते. वाद्यं नाचत असतात, क्वायर मधे मधे येऊन एकेक ओळ सरळ म्हणून जातो. आल्टो दुसऱ्या ओळीत ट्रम्पेटखाली गेला. पाचव्या ओळीला सापडला आणि सहाव्यापर्यंत राहिला. वहीत दोन खुणा. टेनरची सरगम लिहायला घेतली आहे.